श्रवण उत्तम

२ सप्टेंबर, सोमवार

ही वही गिरणीने दिली. निवृत्त होणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं, त्यात प्रत्येकाच्या हातात एक कोंबली. वर सोनेरी अक्षरांत छापलंय: 'निवृत्तीनंतरचं समृद्ध आणि निरोगी आयुष्य'. शिबिर घेणारी बाई माझ्या लेकीपेक्षा लहान. म्हणे रोज लिहा, मन मोकळं होतं. माझं मन मोकळंच आहे. मनात आलं की तोंडावर बोलायचं, अडतीस वर्षं मी हेच केलं. साठ माग आणि ते चालवणारे वीस जण माझ्या हाताखाली होते. जॉबर होतो मी, मला कुणी मन मोकळं करायला शिकवू नये.

पण बायको म्हणाली, "लिहा हो. निदान तेवढा वेळ घरात आरडाओरडा होणार नाही."

मी आरडाओरडा करतो म्हणे!

बाईने सगळ्यांकडून योजना लिहून घेतली. मी लिहिलं: सकाळी व्यायामाचा वर्ग, मंगळवारी वाचनालयातलं व्याख्यान, संध्याकाळी गिरणीतल्या बुटक्याबरोबर बागेत. आणि दुपारी नात. लेक नोकरीला जाते, त्यामुळे साडेचार वर्षांची ठमी एक ते सहा आमच्याकडे असणार. खरं सांगायचं तर बाकीचं सगळं शोभेला लिहिलंय. माझी स्वतःची पोरगी कधी मोठी झाली ते मला मागांच्या खडखडाटात कळलंच नाही. ठमीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढीच माझी योजना.

आरोग्याच्या पानावर गिरणीच्या डॉक्टरचा शेवटचा दाखला चिकटवलाय. नजर: चष्मा. रक्तदाब: किंचित जास्त. श्रवण: उत्तम.

५ सप्टेंबर, गुरुवार

व्यायामाचा वर्ग सोडला. शिकवणारा पोरगा आमच्याकडे पाठ करून बोलतो. भिंतीला शिकवतोय की आम्हाला? सगळ्यांचा उजवा पाय वर, माझा डावा, आणि मागच्या बायका फिदीफिदी हसतायत. शेवटी डोळे मिटून पडून राहायला सांगितलं. पडलो. किती वेळ झाला कळेना म्हणून डोळे उघडले, तर लोक चटया गुंडाळून दाराकडे निघालेले. एकाही शहाण्याला हाक मारावीशी वाटली नाही.

घरी येऊन हे सांगितलं तर बायको भांडी घासता घासता काहीतरी पुटपुटली. "काय म्हणालीस?" विचारलं तर वळून म्हणाली, "काही नाही." हल्ली तिचं हेच चाललंय.

१० सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयही सुटलं. व्याख्याता मिशीतल्या मिशीत बोलत होता, आणि वर तोंडापुढे तो बोंडासारखा माइक. दहा मिनिटं सोसलं, मग उभा राहून सांगितलं, "स्वच्छ बोला!" सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघायला लागलं. त्यांनाही ऐकू येत नव्हतंच, पण बोलायची हिंमत कुणात नाही. शेजारच्या गृहस्थाने माझी बाही ओढून खाली बसवलं. मी निघूनच आलो.

माणसं बोलायला विसरली आहेत. गिरणीत साठ माग धडधडत असताना आम्ही खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला गप्पा मारायचो. ओठ नीट हलवायचे, चेहरा समोर ठेवायचा, झालं. याला बोलणं म्हणतात.

११ सप्टेंबर, बुधवार

आज बायकोला पुरावाच दाखवला. बाजारात गेलो होतो. भोंगे, हातगाड्या, नुसता कल्लोळ. ती भाजीवाल्याला तीनदा "काय? काय?" करत होती, आणि मला त्याचा शब्द न् शब्द कळत होता. म्हटलं, "बघ! कान कुणाचे गेलेत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बोलणार काय!

संध्याकाळी बुटक्या भेटला. माझ्याच खात्यात चौतीस वर्षं माग चालवायचा, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला. या जगात नीट बोलणारा हा एकच माणूस उरलाय. दोन तास बोललो, एकदाही "काय" म्हणावं लागलं नाही. समोर चार पोरं उभी राहून आमच्याकडे बघत माशासारखी तोंडं उघडमीट करत होती. बुटक्या चप्पल घेऊन धावला. संस्कार म्हणून काही उरलेलेच नाहीत.

१८ सप्टेंबर, बुधवार

भांडण. बायको म्हणते कान दाखवा. मी वही उघडून दाखला तिच्या नाकासमोर धरला. बावीस वर्षं दरसाल तपासणी झाली आहे माझी. डॉक्टर समोर बसायचा, विचारायचा, "ऐकू येतं ना नीट?" मी म्हणायचो, "येतं." "रात्री झोप?" "लागते." बावीस वर्षांत एकदाही चुकीचं उत्तर दिलं नाही.

"तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का?"

"फोनवर लेकीचं बोलणं कळत नाही तुम्हाला."

"फोन भिकार आहे."

"टीव्ही इतका मोठा लावता की वरचे खाली येतात."

"हल्लीचे बातम्या देणारे शब्द गिळतात."

"आणि मी? मी पण शब्द गिळते?"

"तू मोरीत तोंड घालून बोलतेस!"

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. हे मात्र माझ्याकडे तोंड करून, अगदी ठासून. मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. चाळीस वर्षांच्या संसारात हिने दार कधी लावलं नव्हतं. मी बाहेरून सांगितलं की माझी चूक असेल तर सिद्ध कर. आतून उत्तर नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज मन शांत आहे, ते ठमीमुळे. ही पोरगी घरातली सगळ्यात शहाणी. काही सांगायचं असलं की मांडीवर चढते, दोन्ही हातांनी माझे गाल धरते, तोंड आपल्याकडे वळवते आणि मग बोलते. कुणी शिकवलं असेल? तिच्या आजीशी किंवा आईशी अशी कधी वागत नाही. माझ्यावर जीव जास्त, दुसरं काय.

आज मी तिला मागाची गाठ शिकवली. एका हाताने, दोन बोटांत. मोठ्या माणसांना महिना लागतो. तिला अजून जमली नाही, पण चिडली अगदी माझ्यासारखी. दोरा फेकला, मग स्वतःच उचलून आणला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायला हात वळत नाही.

बायको दात दाखवायला गेली होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो, ठमी आत चित्र काढत होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. ती न्हाणीघरात गेली, कडी लावून घेतली आणि ती अडकली. बायको परतली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच तिला पोरीचा आकांत ऐकू आला. आमच्या दारात शेजारीण उभी होती. पाऊण तासापासून घंटा वाजवतेय, म्हणाली. बायकोने किल्लीने दार उघडलं, माझ्यासमोरून धावत गेली, तेव्हा मी पेपरातून मान वर केली. आणि विचारलं, "काय गं, दात काढला का?"

हे वाक्य मी म्हणालो. लिहून ठेवतो.

शेजारणीच्या नवऱ्याने बिजागरी उचकटून दार काढलं. ठमी कोपऱ्यात, भिजलेली. तांब्याने दार ठोकून ठोकून तांब्याला पोचे आलेले. माझ्याकडे आली नाही. आजीला चिकटली.

ते दार जाड आहे. फार जाड आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

लेक आली. माझ्यासमोर बसली, एकेक शब्द सुटा करून बोलली, लहान मुलाशी बोलतात तसं. "बाबा, झोपलेल्याला उठवता येतं. झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. आई पाच वर्षं कानीकपाळी ओरडतेय. सोमवारपासून ठमी पाळणाघरात जाईल."

"मी मुद्दाम केलं असं वाटतं तुला?"

"मुद्दाम नाही केलंत. पण कान दाखवायचे नाहीत, हे तर मुद्दामच केलंत ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते लिहीत नाही. ज्या बापाने तुला वाढवलं त्याला हे ऐकवतेस, वगैरे. ती उठून गेली. ठमीचे इथले कपडे, खडू, उशी, सगळं पिशवीत भरून नेलं.

ते दार जाड नाही. मी मघाशी वाजवून बघितलं. पत्र्यासारखं पातळ आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

गेलो. बायको बरोबर होती.

कान तपासणारी बाई पन्नाशीची, घाईत नसलेली. आधी आत डोकावून बघितलं, मग समोर बसून गप्पा मारल्या. मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि बायकोकडे बघितलं, म्हणजे कळलं ना, असं. मग त्या बाईने एक कागद उचलून आपल्या तोंडासमोर धरला आणि गप्प बसली.

अर्धं मिनिट मी वाट बघितली. "आता विचारा ना," म्हटलं.

कागद खाली घेऊन म्हणाली, "विचारलं की. चार प्रश्न विचारले."

"मग तो कागद काढा! तोंडासमोर कागद धरल्यावर माणसाला ऐकू कसं येणार?"

बोललो आणि माझं मलाच ते वाक्य कसंतरी वाटलं. पण बाई हसली नाही. कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, गिरणीत काय काम होतं? मी सांगितलं. किती वर्षं? अडतीस. नातवंडं किती? एक नात. तिचं नाव काय? मी नाव सांगत होतो आणि शेजारी बायको रडायला लागली.

"तुला काय झालं?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, त्यांनी आवाजच केला नाही. आता जे विचारलं ना, त्यातलं मला काहीही ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलवत होत्या त्या."

मग काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बारीक, चढ्या सुराचे सगळे आवाज माझ्यासाठी संपलेत. घंटा, फोन, बायकांचं बोलणं, पोरांचं रडणं. वीसेक वर्षांपासून असेल, बाई म्हणाली. मागांनी खाल्ले. मी वीस वर्षं माणसांची तोंडं वाचतोय आणि त्याला ऐकणं समजतोय.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस नुसता धुमसतोय. गिरणीचे सगळे दाखले काढले. बावीस कागद, बावीस वेळा 'उत्तम'. अरे गाढवा, समोर बसून तोंड हलवून विचारतोस ऐकू येतं का? आंधळ्याला हात धरून चालवायचं आणि लिहायचं, रस्ता दिसतो! एकदा पाठ फिरवून विचारलं असतंस तर? एकदा! त्याला एका सकाळी सत्तर माणसं तपासायची असायची हे मला माहीत आहे. तरीही एकदा.

फाडायला घेतले तर बायकोने हात धरला. म्हणाली, "फाडू नका. त्याने विचारलं तेव्हा 'येतं' कोण म्हणालं?"

संध्याकाळी बागेत गेलो. बुटक्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई खोटारडी आहे. मी त्याला म्हटलं, बोल काहीतरी, आणि तो बोलत असताना त्याच्या गळ्यावर हात ठेवला. गळा हलतच नव्हता. मग त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. आम्ही एकमेकांचे गळे धरून बाकावर बसलेलो, लोक थांबून बघतायत. तो निवृत्त झाल्यापासून, दोन वर्षं, आम्ही संध्याकाळी इथे बसून आवाज न करता बोलत होतो. ती पोरं चूक नव्हती.

बुटक्याने आपला हात काढून घेतला. मग म्हणाला, "गिरणीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी कानात कापूस घालून आलो होतो. आठवतं?"

आठवतं. मी खरं तेच लिहिणार आहे. नवीन पोरगा कानात कापूस घालून आला की मी स्वतःच्या हाताने तो काढायचो आणि सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकायचो. माग बिघडला की त्याचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला हवा, असं माझं म्हणणं. आणि वर म्हणायचो, कापूस कापड विणायला असतो, कान झाकायला नाही. सगळे हसायचे. पुढे गिरणीने रबराचे बोळे वाटले, ते माझ्या खात्यात कुणीही घातले नाहीत. माझ्या भीतीने.

"तू काढलास तो कापूस," बुटक्या म्हणाला. उठला आणि निघून गेला. मागून हाक मारण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरला दोन दिवस शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या आता परत घ्याव्या लागतील. नव्हे, परत घेत नाही. त्याच्या त्याला राहू देत, माझ्या मला वेगळ्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बुटक्याच्या घरी गेलो. दार उघडलं तर बंद करायला लागला. मी पाय घातला मध्ये. म्हटलं, "शिव्या दे, पण आधी चप्पल घाल." शिव्या देतच माझ्याबरोबर आला. त्या बाईने त्याच्यासमोरही कागद धरला. तोही म्हणाला, कागद काढा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दोन्ही कानांत मशीन बसलं. भयंकर आहे. पेपराचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं वाटतं. नळ, पंखा, खुर्ची, सगळ्या निर्जीव वस्तू बोलायला लागल्या आहेत.

सकाळी चहात साखर नव्हती म्हणून नेहमीसारखं बायकोला विचारलं, आणि दचकून चहा सांडला. खोलीत कुणीतरी ओरडलं होतं. वळून बघितलं, कुणी नाही. ते मीच होतो. नुसतं साखर कुठे आहे एवढं विचारलं होतं.

"मी रोज असा बोलतो?"

"आज जरा हळू होतं," ती म्हणाली.

ती दिवसभर काय काय पुटपुटते तेही आता कळलं. "देवा, उचल एकदाचा, मला नाहीतर याला." मी म्हटलं, ऐकू आलं बरं का. तर हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं आणि म्हणाली, "आलं ना? मग हेही ऐका." आणि वीस वर्षांचं उरलंसुरलं बोलली. दीड तास. मी मशीन काढलं नाही. एवढंच माझ्याकडून झालं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज लेक ठमीला घेऊन आली. तेवीस दिवसांनी.

लेकीने स्पष्टच सांगितलं, "बाबा, तुम्ही रागवा. पण मला खात्री करायची आहे. ठमी आत बसेल, दार बंद. तुम्ही त्या दिवशीच्या जागी पेपर घेऊन बसा. ती हाक मारेल. तुम्ही उठून आत गेलात, तर उद्यापासून येईल ती."

साठ माग सांभाळलेल्या माणसाची परीक्षा! जिभेवर बरंच आलं होतं. गिळलं. पेपर घेऊन बसलो. लेक समोर, बायको स्वयंपाकघराच्या दारात. दोघीही तोंडं घट्ट मिटून.

मी कानात प्राण आणून बसलो. पंखा ऐकू येत होता. खालून गाडी गेली. आणि शेजारपाजारचं कुणाचं तरी पोर बोंबलायला लागलं. जाडाभरडा, घोगरा आवाज, भंगारवाल्यासारखा. थांबेचना. मी मान तिरकी केली, पेपर खाली ठेवला, डोळे मिटले, पण त्या पोराच्या गोंगाटात आमचीचा आवाज सापडेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. लेकीचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता. तिने पर्स उचलली. माझा धीर सुटला. मी ओरडलो, "अगं, त्या पोराला गप्प करा कुणीतरी! त्याच्यापुढे मला आपली ठमी ऐकू येत नाहीये!"

लेक पर्स धरून तशीच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तीच आहे ती."

मी म्हटलं, शक्यच नाही. ठमीचा आवाज नाजूक, बारीक, किणकिणता, माझ्या लेकीसारखा, ही लहान असताना होता तसा. साडेचार वर्षं मी ऐकतोय की. तो आवाज आता या क्षणी माझ्या कानात होता. आणि मग माझं मलाच कळलं की तो कुठून आला होता. माझ्या पोरीचा आवाज मी तिच्या पोरीच्या ओठांवर लावून ठेवला होता. ठमीचा मी कधी ऐकलाच नव्हता.

मला रडू यायला हवं होतं. राग आला. असा राग अडतीस वर्षांत कधी आला नव्हता. "साडेचार वर्षं झाली!" मी म्हटलं. "घरात दोन बायका, अखंड तोंडं चालतात, आणि पोरीचा आवाज घोगरा आहे हे मला एकीने सांगू नये?"

"सांगितलं होतं हो," बायको म्हणाली. "ती दोन वर्षांची होती तेव्हापासून सांगतेय. आवाज अगदी तुमच्यावर गेलाय म्हणून."

मी आत गेलो. ठमी पलंगावर उभी, कमरेवर हात, चेहरा लालबुंद. "आजोबा! मी केव्हाची ओरडतेय!"

काय खणखणीत ओरडते! खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेल.

"पुन्हा ओरड," मी म्हटलं.

"का? तुम्ही आलात ना आता."

"परत बाहेर जातो. तू ओरड."

बाहेर आलो, दार लावून घेतलं, त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. तिने हाक मारली. मी गेलो नाही, तर आणखी मोठ्याने मारली, आणि शेवटी रागाने दारावर लाथ घातली. लेक म्हणाली, "बाबा, उघडा ना आता, उद्या एक वाजता आणते आहेच तिला." मी तिला हाताने थांब म्हटलं.